स्क्लेरोडर्मा : निदान समजून घेताना आणि तज्ज्ञांकडे जाताना



वार्षिक अहवालाच्या या विभागात दरवर्षी आपल्या रुग्णालयातील एखादे तज्ज्ञ डॉक्टर एखाद्या आजाराची ओळख करून देतात. यंदा ते काम विश्वस्त मंडळाने माझ्याकडे सोपविले, याचे आपणांस नवल वाटेल. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. जमाखर्च, नोंदवह्या आणि केसपेपरांची कपाटे हेच त्याचे कार्यक्षेत्र. परंतु ज्या आजाराविषयी येथे लिहावयाचे आहे, त्याच्याशी माझी गाठ पडली ती कपाटापाशीच. लेखातील वैद्यकीय तपशील आमच्या मेडिसिन विभागातील डॉक्टरांनी वाचून तपासला आहे, हे आरंभीच नमूद करतो.

तीन केसपेपर, एक रुग्ण

एके दिवशी दुपारी एक गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, ‘‘साहेब, मंडळींचे आजवरचे सगळे कागद पाहिजेत. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे. तिथं जुने कागद मागतात.’’ शोध घेता त्यांच्या पत्नीच्या नावे तीन वेगवेगळे नोंदणी क्रमांक निघाले. प्रत्येक वेळी जुना कागद हरवलेला, आणि प्रत्येक वेळी आमच्याच खिडकीवर नवा केसपेपर काढून दिलेला.

मी ते तिन्ही कागद तारखेच्या क्रमाने मांडले. पहिला त्वचारोग विभागाचा : हिवाळ्यात बोटे पांढरी पडतात, हात सुजल्यासारखे वाटतात, मलम दिले. दुसरा काही महिन्यांनंतरचा : छातीत जळजळ, घास अडकतो, आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. तिसरा आणखी वर्षभराने : कोरडा खोकला, जिना चढताना धाप, क्षयरोगाच्या तपासण्या झाल्या, दोष आढळला नाही. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक नोंद आपापल्या जागी बरोबर होती. पण तिन्ही नोंदींची एका खात्यात खतावणी कोणीच केली नव्हती. ती केली असती, तर दोन वर्षे आधी ताळा जमला असता.

दरम्यानच्या काळात बोटांच्या टोकांना जखमा झाल्या, बोटे वाकली, आणि गावात कुजबुज सुरू झाली की हा महारोग आहे. घरात त्यांचे ताट-वाटी वेगळे झाले. त्या भगिनी मला नंतर म्हणाल्या, ‘‘बोटं दुखायची, पण ताट वेगळं झालं त्याचं दुखणं जास्त होतं.’’ अखेर मेडिसिनच्या बाह्यरुग्ण विभागात नव्यानेच रुजू झालेल्या एका डॉक्टरांनी त्यांना हात जोडून दाखवावयास सांगितले. तळवे एकमेकांस टेकेनात. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरी पडतात का?’’ त्या उत्तरापासून निदानाची वाट सापडली. त्या भगिनींच्या संमतीने, त्यांची ओळख उघड न करता, ही हकीकत येथे दिली आहे.

आजार म्हणजे नेमके काय?

‘स्क्लेरोडर्मा’ हा शब्द दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे : ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण आणि ‘डर्मा’ म्हणजे त्वचा. कातडी कठीण होण्याच्या अशा विकाराचे एक जुने वर्णन इटलीतील नेपल्स येथील कार्लो कुर्झिओ या वैद्याने १७५३ मध्ये प्रसिद्ध केले. थंडीने बोटांचा रंग बदलण्याच्या लक्षणाचे वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये आपल्या प्रबंधात केले. म्हणून त्या लक्षणाला आजही ‘रेनो’ असेच म्हणतात.

आपल्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढण्यासाठी असते. या आजारात ती चुकून स्वतःच्याच शरीराविरुद्ध उभी राहते. त्यातून तीन गोष्टी घडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन त्या आकसतात. रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. आणि त्वचेला व अवयवांना आधार देणारे कोलॅजेन हे प्रथिन गरजेपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात साचू लागते. जखम भरून आल्यावर जसा घट्ट वण उरतो, तशी घट्ट, तंतुमय रचना जखम नसतानाही तयार होत राहते. असे का होते, याचे पूर्ण उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेले नाही. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो आणि बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. दगडाच्या खाणी, खडी केंद्रे, दगड घडविण्याचे काम यांतून श्वासावाटे जाणारी सिलिकाची धूळ हे त्याचे एक ज्ञात निमित्त आहे. म्हणून रुग्णाने आपला व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

या आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतील फरक समजून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पहिला स्थानिक प्रकार : यात त्वचेवर एखादा कठीण चट्टा किंवा पट्टा उठतो, आतील महत्त्वाच्या अवयवांना सहसा धोका नसतो. मात्र वाढत्या वयाच्या मुलांत हातापायावर किंवा चेहऱ्यावर असा पट्टा उठल्यास त्या भागाची वाढ खुंटू शकते; म्हणून त्याकडेही दुर्लक्ष करू नये. दुसरा सर्वांगीण प्रकार, ज्याला ‘सिस्टिमिक स्क्लेरोसिस’ म्हणतात : यात त्वचेबरोबर अन्ननलिका, फुप्फुसे, हृदय, मूत्रपिंडे यांवरही परिणाम होऊ शकतो. सर्वांगीण प्रकाराचेही दोन पोटभेद आहेत. ‘मर्यादित’ प्रकारात कातडीचा कठीणपणा हातांच्या कोपरापुढील भागात, पायांच्या गुडघ्याखालील भागात आणि चेहऱ्यावर राहतो व आजार सावकाश वाढतो. ‘विस्तृत’ प्रकारात तो दंड, मांड्या, छाती, पोट येथपर्यंत पसरतो, आणि पहिल्या काही वर्षांतच अवयवांना धोका संभवतो. यावरून एक गोष्ट ध्यानात यावी : ‘मला स्क्लेरोडर्मा आहे’ एवढ्यावरून पुढे काय होणार हे कळत नाही. कोणता प्रकार, किती पसरलेला आणि कोणत्या अवयवापर्यंत पोहोचलेला, हे कळल्यावरच निदान पूर्ण झाले असे म्हणता येते.

हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो होत नाही. आईवडिलांकडून मुलांना तो सरळ मिळत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. कुष्ठरोगात चट्ट्यांची आणि बोटांची संवेदना नाहीशी होते, त्यामुळे भाजले-कापले तरी कळत नाही. स्क्लेरोडर्मामध्ये संवेदना शाबूत असते. किंबहुना बोटांच्या जखमा असह्य दुखतात. आणि कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो, उपचार सुरू होताच त्याचा संसर्गही थांबतो; तेव्हा ताट वेगळे करण्याचे कारण दोहोंपैकी कोणत्याही आजारात नाही.

लक्षणे कशी ओळखावीत?

बहुतेक रुग्णांत पहिली खूण ‘रेनो’ची असते. पहाटे गार पाण्याने भांडी घासताना, फ्रीजमध्ये हात घालताना किंवा वातानुकूलित खोलीत बसल्यावर बोटे प्रथम पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब आल्यावर लाल होतात. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये. रेनोची तक्रार असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना, विशेषतः तरुण मुलींना, दुसरा कोणताही आजार नसतो. पण ही तक्रार तिशीनंतर नव्याने सुरू झाली, तिच्यासोबत बोटे सुजू लागली किंवा बोटांच्या टोकांना जखमा होऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे.

त्यानंतरच्या खुणा घरच्या कामात दिसतात. बोटातली अंगठी निघत नाही. भाकरी थापताना तळवा सपाट होत नाही. बांगड्या भरताना हात आवळता येत नाही. चेहऱ्याची कातडी ताणली जाऊन तोंड पूर्वीइतके उघडत नाही, मोठा घास घेता येत नाही. कातडी काळवंडते किंवा तिच्यावर पांढरे-काळे ठिपके उठतात. छातीत जळजळ, गिळताना अडथळा, कोरडा खोकला, धाप या तक्रारी वरवर पाहता वेगवेगळ्या वाटतात. परंतु एकाच व्यक्तीत त्या एकत्र आल्या, तर त्यांचे मूळ एक असू शकते. हे आमच्या कपाटातील तीन केसपेपरांनी मला शिकविले.

निदान कसे होते?

या आजाराचे निदान एखाद्या रक्त-तपासणीने होत नाही. ते प्रामुख्याने डॉक्टरांच्या हातांनी व डोळ्यांनी होते. अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१३ मध्ये संयुक्तपणे गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. मूलतः ती संशोधनातील रुग्णांच्या वर्गीकरणासाठी असली, तरी तिच्यावरून तज्ज्ञ कशाला किती महत्त्व देतात ते कळते. दोन्ही हातांच्या बोटांची कातडी जाड होऊन तो जाडपणा बोटांच्या मुळांच्या सांध्यांपलीकडे गेला असेल, तर एवढ्या एका खुणेलाच ९ गुण आहेत आणि वर्गीकरणास ९ गुण पुरेसे होतात. ती खूण नसेल, तर सुजलेली बोटे, टोकांवरील जखमा, रेनो, नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांतील बदल, फुप्फुसांचा विकार आणि विशिष्ट प्रतिद्रव्ये यांचे गुण एकत्र मोजले जातात.

रक्ताच्या तपासण्यांमध्ये प्रथम ‘ए. एन. ए.’ ही तपासणी होते. ती या आजाराच्या बहुतेक रुग्णांत सकारात्मक येते; परंतु पूर्ण निरोगी व्यक्तींमध्येही ती कधीकधी सकारात्मक येते. त्यामुळे केवळ त्या अहवालावरून स्वतःच निष्कर्ष काढून रात्रीची झोप गमावू नये. त्यापुढील तपासण्यांत अँटी-सेंट्रोमिअर, एस. सी. एल.-७० आणि आर. एन. ए. पॉलिमरेज-३ या प्रतिद्रव्यांचा शोध घेतला जातो. त्यांच्यावरून कोणत्या अवयवाकडे अधिक लक्ष ठेवावयाचे, याचा अंदाज बांधता येतो. पहिले प्रतिद्रव्य बहुधा मर्यादित प्रकारात आढळते, दुसऱ्याचा फुप्फुसांच्या विकाराशी आणि तिसऱ्याचा मूत्रपिंडांच्या विकाराशी संबंध अधिक दिसतो.

तज्ज्ञ कोण आणि कशासाठी?

कातडीचा आजार म्हणून रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात, आणि ते योग्यच आहे. तथापि सर्वांगीण स्क्लेरोडर्माची सूत्रे ज्यांनी हाती घ्यावीत ते तज्ज्ञ म्हणजे संधिवाततज्ज्ञ, अर्थात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. नावात ‘संधिवात’ असला तरी त्यांचे क्षेत्र केवळ सांधे नव्हे. रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडातून होणारे आजार हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा आहे. असे तज्ज्ञ आपल्याकडे संख्येने थोडे आणि बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत. म्हणून प्रत्येक महिन्यास तेथे जाणे शक्य नसले, तरी निदान निश्चित करणे, उपचारांची दिशा ठरविणे आणि ठराविक काळाने आढावा घेणे यांसाठी त्यांची भेट घ्यावी, आणि मधल्या काळातील देखरेख जवळच्या फिजिशियनकडे असावी. व्यवहारात हीच व्यवस्था रुग्णास झेपते.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ शरीरावरील १७ ठिकाणची कातडी चिमटीत धरून तिचा जाडपणा ० ते ३ अशा गुणांनी मोजतात. एकूण गुण जास्तीत जास्त ५१. पुढील भेटींत हाच आकडा आजार वाढतो आहे की उतरतो आहे ते सांगतो. नखांच्या मुळाशी भिंगातून केशवाहिन्या पाहतात. फुप्फुसांसाठी छातीचा एच. आर. सी. टी. स्कॅन आणि श्वसनक्षमतेची तपासणी, हृदयासाठी टूडी एको, मूत्रपिंडांसाठी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सांगतात. रुग्णास धाप लागत नसतानाही या तपासण्या का, असा प्रश्न नातेवाईक विचारतात. उत्तर असे की, फुप्फुसांचा विकार आरंभी मुका असतो. धाप लागू लागते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते, आणि झालेले नुकसान सहसा भरून येत नाही. खाते बुडीत जाण्यापूर्वी तपासणे केव्हाही श्रेयस्कर.

भेटीस जाताना

तज्ज्ञांची वेळ मोजकी असते. ती सत्कारणी लागावी यासाठी पुढील तयारी करावी :

१. आजवरचे सर्व केसपेपर, अहवाल आणि स्कॅनच्या मूळ फिल्म तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावाव्यात.
२. कोणती तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, याची अर्ध्या पानाची नोंद करावी. बोटे प्रथम पांढरी केव्हा पडली, ही तारीख विशेष महत्त्वाची.
३. बोटांचा रंग बदललेला असताना मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. दवाखान्यात ते दृश्य दिसेलच असे नाही.
४. सुरू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक व अन्य पुड्यांसह, सोबत न्यावीत.
५. विचारावयाचे प्रश्न लिहून न्यावेत : प्रकार कोणता, कोणते अवयव तपासले, कोणते तपासावयाचे राहिले, कोणते लक्षण दिसल्यास तत्काळ यावे, पुढील तपासण्या केव्हा. विवाहित तरुणींनी अपत्याचा विचार असल्यास तो आवर्जून सांगावा; यातील काही औषधे गर्भास घातक आहेत.
६. घरातील एक समंजस व्यक्ती सोबत असावी. डॉक्टरांचे बोलणे दोघांनी ऐकलेले बरे.

उपचार आणि काळजी

हा आजार मुळापासून नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु ‘उपाय नाही’ असे म्हणणे त्याहून मोठी चूक ठरेल. रक्तवाहिन्या सैल करण्यासाठी निफेडिपिनसारखी औषधे, अन्ननलिकेच्या त्रासासाठी आम्लनाशके, फुप्फुसांसाठी व त्वचेसाठी मायकोफिनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड ही औषधे वापरली जातात. फुप्फुसांच्या तंतुमयतेचा वेग मंदावणाऱ्या निन्टेडॅनिब या औषधास या आजारासाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मूत्रपिंडांवर अचानक होणारा आघात पूर्वी बहुधा प्राणघातक ठरत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅप्टोप्रिल आणि त्या वर्गातील औषधे आल्यावर असे अनेक रुग्ण वाचू लागले. विस्तृत प्रकारातही काही वर्षांनंतर त्वचा पुष्कळदा पुन्हा मऊ होऊ लागते, हे रुग्णास सांगितले तर त्याचा धीर टिकतो.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. सांधेदुखीवर ‘रामबाण’ म्हणून दिल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्यांमध्ये स्टिरॉइड असते. स्क्लेरोडर्माच्या रुग्णात स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने मूत्रपिंडांवरील आघाताची शक्यता वाढते. तज्ज्ञांच्या सल्ल्याविना ती कदापि घेऊ नयेत.

घरच्या घरी बरेच करता येते. पाणी कोमट करून वापरावे. थंडीत हातमोजे व पायमोजे घालावेत आणि केवळ हात नव्हे, सर्व अंग उबदार ठेवावे. विडी, सिगारेट, तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करावी, कारण निकोटिन आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्यांना अधिक आकसविते. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिश्री लावते’ असे सांगणाऱ्या भगिनींनी हे वाक्य पुन्हा वाचावे. जेवण थोडे थोडे, अनेक वेळा घ्यावे. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी व्हावे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून डोक्याकडील बाजू उंच करावी. बोटांचे व तोंड उघडण्याचे व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकून रोज करावेत.

तीव्र डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, रक्तदाब एकाएकी वाढणे, लघवी कमी होणे, धाप झपाट्याने वाढणे किंवा बोटाचे टोक काळे पडणे, यांपैकी काहीही घडल्यास पुढील भेटीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्चाची बाजू

हा विषय माझ्या अधिकारातला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सोबत आणावी. शासकीय आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रांना विचारावे. परंतु स्क्लेरोडर्माचा खर्च खाटेवरचा थोडा आणि दरमहाच्या औषधांचा, तपासण्यांचा व शहरात जाण्या-येण्याच्या भाड्याचा अधिक असतो. योजना खाटेपाशी संपते. आजार संपत नाही. ही तूट भरून निघते ती आपल्यासारख्या देणगीदारांच्या बळावर.

समारोप

दरवर्षी २९ जून हा दिवस जागतिक स्क्लेरोडर्मा दिन म्हणून पाळला जातो. याच दिवशी १९४० मध्ये पॉल क्ले हे जगप्रसिद्ध चित्रकार निवर्तले. त्यांना हाच आजार होता, असे अभ्यासकांचे मत आहे. आजारी असतानाच १९३९ या एका वर्षात त्यांनी बाराशेहून अधिक कृती निर्माण केल्या. त्या काळी या आजारावर प्रभावी औषध नव्हते. आज आहे, मात्र ते वेळेत पोहोचले पाहिजे.

आरंभी ज्यांचा उल्लेख केला, त्या भगिनींच्या फुप्फुसांचा जो भाग निकामी झाला तो परत आला नाही. गेल्या दोन तपासण्यांत मात्र श्वसनक्षमतेचा आकडा घसरलेला नाही. घरात त्यांचे ताट पुन्हा सर्वांच्या पंक्तीत आले आहे. त्यासाठी डॉक्टरांनी सासूबाईंना बोलावून घेऊन अर्धा तास समजावून सांगितले. आम्हीही आमची चूक सुधारली आहे. आता नोंदणी खिडकीवर नवा केसपेपर काढण्यापूर्वी जुना क्रमांक शोधला जातो, आणि एका रुग्णाचे सर्व विभागांतील कागद एकाच फाइलमध्ये लागतात. ही काही मोठी वैद्यकीय सुधारणा नव्हे; कारकुनी काम आहे. पण ते दोन वर्षे आधी झाले असते, तर एका भगिनीचा श्वास थोडा अधिक शिल्लक राहिला असता, ही टोचणी मनात आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

— प्रशासकीय अधिकारी